रोमच्या वृद्धसभेची अब्रू

‘सीनेट’ हा शब्द लॅटिन भाषेंतील ‘सेनेक्स’ म्हणजे वृद्ध या शब्दावरून झालेला असून, वैदिक भाषेंतील ‘सन’ म्हणजे जुना हा शब्द त्याचाच सगोत्र होय. सभा वृद्धांची, तेव्हां ती न्यायनिष्ठही असेल, असा कोणाचाही समज व्हावा. परंतु इ. स. पू. ७० या एका वर्षांत त्या सभेची जी शोभा झाली, ती आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

गायस व्हेरेस हा सीनेटचा सभासद इ. स. पू. ७३ पासून ७१ पर्यंत सिसिली बेटाचा सुभेदार होता. शेतकऱ्यांचें धान्य, देवळांतील मूर्ति, गृहस्थांच्या घरचीं चांदीचीं पात्रें, यांपैकीं कांहींच त्याच्या हातून सुटलें नाहीं. त्यानें चार कोटि सेस्टर्स लुबाडल्याची फिर्याद झाली, व सिसिलीकरांचा कैवार सिसेरोनें घेतला. पुरावा जमविण्यास ११० दिवसांची मुदत असतां त्यानें तें काम ५० दिवसांत उरकलें.

खरी मेख पुढेंच होती. सुल्लाच्या कायद्यानें अशा खटल्यांतील पंच केवळ सीनेटचेच सभासद असत. आरोपी सभासद, आणि पंचही सभासद! सिसेरो सांगतो कीं, एका वर्षाची लूट स्वतःस, दुसऱ्या वर्षाची वकिलांस व पाठीराख्यांस, आणि सर्वांत मोठी अशी तिसऱ्या वर्षाची पंचांस, ही वांटणी व्हेरेस स्वमुखानें बोलून दाखवीत असे. कुंपणच शेत खाऊं लागल्यावर दाद कोणाकडे मागावी? म्हणून सिसेरोनें पंचांस स्पष्ट बजाविलें कीं, या खटल्यांत कसोटी व्हेरेसची नसून तुमची आहे. लांबलचक भाषण टाकून त्यानें एकदम साक्षीदार उभे केले. पुरावा असा निरुत्तर करणारा होता कीं, निकालापूर्वींच व्हेरेस रोम सोडून मासिलिया, म्हणजे आजचें मार्सेल्स, येथें निघून गेला.

त्याच वर्षीं नव्या कायद्यानें पंचांच्या दोन तृतीयांश जागा सीनेटच्या हातून गेल्या, व ‘सेन्सॉर’ नांवाच्या अधिकाऱ्यांनीं ६४ सभासदांस सभेंतून काढून टाकिलें. त्यांत आदल्याच वर्षीं कॉन्सल असलेला लेंट्युलस सुरा होता. पण काढलेला मनुष्य पुन्हां उमेदवार झाला, लोकांनीं त्यास पुन्हां निवडिलें, आणि इ. स. पू. ६३ मध्यें प्रीटर होऊन तो सभेंत येऊन बसला. त्याच वर्षीं तो कॅटिलाइनच्या कटांत सांपडला व ५ डिसेंबर रोजीं तुरुंगांत फांसानें मारला गेला. त्या वेळीं कॉन्सल होता तो हाच सिसेरो!

आमच्या मतें यांत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. आपल्याच मंडळींतील अपराध तोलतांना हात थरथरतो. म्हणून तराजू परक्याच्याही हातीं असावा. दुसरें, दंड करणें हें कायद्याचें काम खरें. परंतु दंडितास पुन्हां मानाचें आसन द्यावें कीं नाहीं, हें समाजानेंच ठरवावयाचें असतें. रोमनें पहिली गोष्ट उशिरां केली, आणि दुसऱ्या गोष्टीकडे त्याचें लक्ष राहिलें नाहीं.