पंचविशीपर्यंतचा करार

दर २ ऑक्टोबरला कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर 'गांधी' लागतोच. आमच्या घरी तो बघतात म्हणण्यापेक्षा तो चालू असतो. आई पेपर वाचत असते, बाबा लसूण सोलत असतात आणि मी मोबाइलमध्ये. मागच्या वर्षी मात्र एका सीनला माझी मान वर झाली. गांधीजी मीठ करायला समुद्राकडे निघणार, ही खबर व्हाइसरॉयपर्यंत पोचते. व्हाइसरॉय म्हणजे लॉर्ड आयर्विन, शाळेच्या इतिहासातल्या गांधी-आयर्विन करारातले. पडद्यावर एक उंच, टक्कल पडलेला म्हातारा. चिमूटभर मिठाने एवढं साम्राज्य काय हलणार, अशा अर्थाचं वाक्य तो टाकतो, आणि आपल्याला त्याचा राग येण्याऐवजी कीव येते. कारण त्याला खरंच काही कळलेलं नसतं. पुढे याच माणसाला गांधीजींना लंडनच्या परिषदेचं निमंत्रण द्यावं लागतं. शब्द अगदी सभ्य, चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा. सगळं मिळून काही मिनिटांचं काम.

नाव शोधलं. सर जॉन गिलगुड. विसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या सगळ्यात मोठ्या शेक्सपिअर नटांपैकी एक, लॉरेन्स ऑलिव्हिए आणि राल्फ रिचर्डसन यांच्या पंगतीतला. त्यानंतरचे दोन आठवडे सबमिशन बाजूला ठेवून मी या माणसाबद्दल वाचत बसले. त्याचं कारण त्याचा अभिनय नव्हता, खरं सांगायचं तर. कारण होतं त्याने वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास घरच्यांशी केलेला करार.

गिलगुडचा जन्म १९०४ चा, लंडनचा. वडील स्टॉकब्रोकर. पोरगं नाटकात जायचं म्हणत होतं. शेवटी ठरलं असं, की पंचविशीपर्यंत स्वतःच्या पायावर उभा राहिला तर ठीक, नाहीतर गुपचूप ऑफिसात नोकरी धरायची. वाचून मी मोठ्याने हसले. कारण माझाही असाच करार झालाय. मास कॉम केलंस, इंटर्नशिप कर, दोन वर्षं बघ, नाहीतर बँकेच्या परीक्षा आहेतच. तुमच्यातल्या निम्म्या लोकांचं घरी असंच काहीतरी ठरलं असणार. शंभर वर्षांपूर्वीचा लंडनचा बापही हेच बोलत होता, हे कळल्यावर उगाच बरं वाटलं.

सुरुवात काही देखणी नव्हती. लेडी बेन्सन नावाच्या बाईंच्या नाट्यशाळेत तो शिकायला गेला, तेव्हा बाईंनी सांगितलं की तू मुडदूस झालेल्या मांजरासारखा चालतोस. १९२१ मध्ये ओल्ड व्हिक या थिएटरात पहिलं काम मिळालं, त्यात एकच वाक्य, आणि पगार शून्य. (अनपेड इंटर्नशिपचा शोध आपल्या काळात लागला असं मला वाटायचं.) पण १९३० मध्ये, सव्विसाव्या वर्षी, तो त्याच ओल्ड व्हिकमध्ये हॅम्लेट झाला. त्या काळी मोठ्या थिएटरांत ही भूमिका बहुतेक पोक्त वयाचे नट करत. इथे खराखुरा तरुण राजपुत्र दिसत होता. नाटक तिथून थेट वेस्ट एंडला गेलं. करार संपला, तो जिंकला.

इथपर्यंतची गोष्ट म्हणजे एखादी मोटिव्हेशनल रील. मला बोलायचंय ते याच्या पुढचं.

त्या यशाने गिलगुडला एक पाटी मिळाली. पाटीवर लिहिलं होतं : आवाज. ॲलेक गिनेस म्हणायचा, की हा आवाज म्हणजे रेशमात गुंडाळलेली चांदीची तुतारी. केनेथ टायनन या समीक्षकाने तर लिहिलं, की मानेपासून वर हा जगातला सर्वोत्तम नट आहे. कौतुक आणि चिमटा एकाच वाक्यात. शेक्सपिअरची कविता म्हणावी तर गिलगुडनेच, बाकी काही त्याच्याकडे मागू नये, असं ठरून गेलं. हॅम्लेट त्याने सहा वेगवेगळ्या निर्मितींमध्ये, पाचशेहून जास्त वेळा केला. दुसरं महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, सैनिकांसाठी नाटकं घेऊन तो हिंदुस्थानात आणि पूर्वेकडच्या देशांत फिरला, तेव्हाही सामानात हॅम्लेट होताच. १९५३ च्या 'ज्युलियस सीझर' सिनेमात मार्लन ब्रँडो अँटनी झाला होता आणि गिलगुड कॅसियस. शेक्सपिअर बोलायचा कसा, हे शिकायला ब्रँडो त्याच्याकडे गेला, म्हणजे बघा.

आता माझं. मी कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमात अँकर असते, कारण माझा आवाज बरा आहे. पहिल्या वर्षी छान वाटलं. दुसऱ्या वर्षी एका मोठ्या माणसाने, जे मला शिकवायचे, प्रेमानेच सांगितलं, 'तू व्हॉइसओव्हर कर, लिहिण्याच्या भानगडीत पडू नकोस.' इंटर्नशिपसाठी इंटरव्ह्यू द्यायला गेले तर पहिला प्रश्न, तुझी नीश काय? बावीस वर्षांच्या मुलीची नीश काय असणार? पण उत्तर नसलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मित्रमैत्रिणींचंही तेच. एकांकिकेत एकदा विनोदी नोकर केला की पुढची तीन वर्षं तो नोकरच. इन्स्टावर एकदा मिसळीची रील चालली की जन्मभर मिसळ. जे चाललं तेच करत राहा, हा सल्ला आपल्याला सगळीकडून मिळतो, आणि माझं म्हणणं आहे की तो वाईट सल्ला आहे. गिलगुड हा त्याचा पुरावा.

कारण जे चाललं ते एक दिवस चालेनासं झालं.

त्याआधी १९५३ सालाबद्दल सांगायला हवं. जूनमध्ये त्याला 'सर' ही पदवी मिळाली. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या चेल्सी भागात पोलिसांनी त्याला पकडलं. गुन्हा काय, तर एका पुरुषाकडे ओढ दाखवली. तेव्हा ब्रिटनमध्ये समलिंगी संबंध हा गुन्हा होता. कोर्टात नाव लपावं म्हणून त्याने आपला व्यवसाय क्लार्क असा सांगितला. पंचविशीपर्यंत जमलं नाही तर जी ऑफिसातली नोकरी धरायची होती, तिचाच आडोसा एकोणपन्नासाव्या वर्षी घ्यावा लागला. दहा पौंड दंड झाला आणि बातमी पेपरात आलीच. तेव्हा 'अ डे बाय द सी' या नाटकाचे प्रयोग लिव्हरपूलला होते. दिग्दर्शक तोच, मुख्य भूमिकाही त्याचीच. प्रवेशाची वेळ झाली आणि विंगेत त्याचे पाय हलेनात. सिबिल थॉर्नडाइक या ज्येष्ठ अभिनेत्रीने त्याला हाताला धरून रंगमंचावर नेलं. लोक हुर्यो करतील अशी भीती होती. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले.

हा प्रसंग मी तीन वेळा वाचला. तरी काही महिन्यांनी तो मनाने कोलमडला, हेही त्याच पानांवर आहे. टाळ्यांनी सगळं बरं होत नाही. या प्रकरणाबद्दल तो जाहीरपणे कधीच बोलला नाही. इंग्लंडमधला कायदा १९६७ मध्ये बदलला. त्याच राज्यकर्त्यांनी १८६० च्या दंड संहितेत आपल्यासाठी लिहून ठेवलेलं कलम ३७७ या बाबतीत मोडीत काढायला आपल्या सुप्रीम कोर्टाला २०१८ उजाडलं. तेव्हा मी शाळेत होते, तुमच्यातलेही बरेच जण.

तर, चालेनासं झालं ते असं. १९५६ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात जॉन ऑस्बर्नचं 'लुक बॅक इन अँगर' आलं. भाड्याची खोली, इस्त्रीचं टेबल, चिडलेला तरुण. एका रात्रीत सरदार-राजपुत्र आणि सुरेल स्वगतं जुनी वाटू लागली. गिलगुड पन्नाशी ओलांडलेला. सॅम्युअल बेकेटचं 'एंडगेम' त्याच्याकडे आलं होतं, पण त्याला ते मुळीच रुचलं नाही, नाही म्हणाला. त्याने केलं काय, तर 'एजेस ऑफ मॅन' हा शेक्सपिअरच्या निवडक वेच्यांचा एकपात्री कार्यक्रम घेऊन तो देशोदेशी फिरला. कार्यक्रम गाजला, बक्षिसंही मिळाली. पण आपली जुनी हिट गाणीच गात फिरणाऱ्या गायकासारखं ते थोडं आहेच. तो तिथेच थांबला असता तरी त्याला कुणी नावं ठेवली नसती.

पण १९६८ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, त्याने ॲलन बेनेट नावाच्या तिशीतल्या लेखकाचं पहिलंच मोठं नाटक घेतलं, 'फॉर्टी इयर्स ऑन'. भूमिका एका जुनाट शाळेच्या हेडमास्तरची, म्हणजे जवळजवळ स्वतःचीच टिंगल. मग १९७० मध्ये डेव्हिड स्टोरीचं 'होम', आणि तेही रॉयल कोर्टमध्ये, जिथून त्याला म्हातारं ठरवण्यात आलं होतं तिथेच. सोबत जुना दोस्त रिचर्डसन. दोन म्हातारे बागेत बसून हवापाण्याच्या गप्पा मारतात, आणि ही जागा मनोरुग्णालय आहे हे आपल्याला हळूहळू उमगतं. स्वगत नाही, कविता नाही. सगळी वाक्यं अर्धवट, तुटकी. चांदीच्या तुतारीला यात कामच नव्हतं. पाच वर्षांनी हॅरॉल्ड पिंटरचं 'नो मॅन्स लँड', त्यात तो झाला स्पूनर, मळकट सुटातला, पायमोज्यांवर सँडल घालणारा, फसलेला कवी. 'सर' असलेला माणूस सत्तरीत अशा कपड्यात उभा राहिला आणि लोकांना वाटलं, अरे, हा मानेखालीपण नट आहे की!

सिनेमाचंही असंच. तरुणपणी हिचकॉकबरोबर काम करूनही कॅमेऱ्याशी त्याचं फारसं जमलं नव्हतं. म्हातारपणी जमलं. 'आर्थर' या अमेरिकी विनोदी सिनेमाची संहिता त्याने आधी अनेकदा नाकारली, कारण ती त्याला चावट वाटली. शेवटी केली. दारुड्या श्रीमंत पोराला बापासारखं सांभाळणारा, तिरकस बोलणारा बटलर हॉब्सन. या एका भूमिकेने १९८२ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्याला ऑस्कर दिलं. आपल्या अमिताभचा 'शराबी' याच सिनेमावरून सुचला असं मानतात, म्हणजे ओमप्रकाश यांचे मुन्शीजी हे हॉब्सनचे लांबचे नातेवाईक. हॅम्लेटसाठी ओळखला जाणारा माणूस ऑस्कर घेतो ते नोकराच्या भूमिकेसाठी. कॉलेजातल्या त्या विनोदी नोकर करणाऱ्या मित्राला मी हे लगेच व्हॉट्सॲप केलं. त्याचा रिप्लाय : 'म्हणजे अजून पंचावन्न वर्षं?'

त्याचं बरोबर आहे. गिलगुडची गोष्ट गोग्गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. त्याची आजी केट टेरी नावाजलेली अभिनेत्री, आजीची बहीण एलन टेरी तर त्या काळातली महाराणीच. आडनाव कुठलंही असो, दारं किलकिली होतीच. पंचविशीपर्यंतची मुदतही घरात पैसे असले तरच मिळते. माझ्या वर्गातल्या काही मुलांना दोन महिन्यांचीसुद्धा मिळालेली नाही. शिवाय पुढे त्याने पैशांसाठी भंगार सिनेमेही बिनधास्त केले. 'कॅलिग्युला'त तो आहे, विश्वास नसेल तर बघा, पण घरच्यांसोबत नको. पण मला तर हेही आवडतं. पाटी सांभाळायची नसली की माणूस चुकायलाही मोकळा होतो.

म्हणूनच तो शेवटपर्यंत कुठेही सापडतो. 'द टेम्पेस्ट'मधला म्हातारा जादूगार प्रॉस्परो त्याने पहिल्यांदा केला तेव्हा तो फक्त सव्विसचा होता. रंगमंचावर चारदा करून झाल्यावर १९९१ मध्ये पीटर ग्रीनवेच्या 'प्रॉस्पेरोज बुक्स'मध्ये तो पुन्हा प्रॉस्परो झाला, सत्त्याऐंशीव्या वर्षी, आणि जवळजवळ सगळ्या पात्रांचे संवाद स्वतःच बोलला. १९९८ मध्ये आपल्या शेखर कपूरच्या 'एलिझाबेथ'मध्ये तो पोप आहे. तोवर लंडनमधल्या एका थिएटराला त्याचं नाव देऊन झालं होतं. ज्याच्या नावाचं थिएटर आहे, तो माणूस अजून छोटी छोटी कामं करत फिरतोय!

आणि मग २००० साल. सॅम्युअल बेकेटच्या 'कॅटास्ट्रफी' या छोट्या नाटकावर डेव्हिड मॅमेट फिल्म करत होता. बेकेट, म्हणजे ज्याचं 'एंडगेम' कधीकाळी याने नाकारलं होतं तोच. त्यात एक दिग्दर्शक असतो, ते काम खुद्द हॅरॉल्ड पिंटरने केलं. त्याची एक सहायक असते. आणि चौथऱ्यावर एक माणूस उभा असतो, ज्याला ते दोघं वस्तूसारखं हलवतात, झाकतात, उघडतात. तो माणूस गिलगुड. वय शहाण्णव. त्या भूमिकेला एकही शब्द नाही. शेवटी तो फक्त मान वर करून समोर बघतो. शूटिंगनंतर काही आठवड्यांतच, २१ मे रोजी तो गेला.

काल मी ती फिल्म पुन्हा लावली होती. लसूण सोलता सोलता बाबांनी विचारलं, 'हा तोच ना, मिठाच्या सीनमधला?' मी म्हटलं, हो. मग तेही शेवटपर्यंत बसले.