भाडे की भांडे? आधी स्क्रीन तपासा

घरातल्या कॉम्प्युटरवर आजोबा काही वाचायला बसले की पहिली तक्रार ठरलेली: "अक्षर फार बारीक आहे रे." मग नातवंडांपैकी कुणीतरी सेटिंग उघडतं आणि रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणतं. अक्षर मोठं होतं, सगळे खूश! पण थोड्या वेळाने आजोबा चष्मा पुसायला लागतात. खरं तर चष्मा स्वच्छच असतो.

मग गडबड कुठे आहे? फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० असे जवळपास २०.७ लाख ठिपके कायमचे बसवलेले असतात. त्यांची संख्या सेटिंगने बदलत नाही. आपण १२८० बाय ७२० निवडलं की चित्र फक्त ९.२ लाख ठिपक्यांचं तयार होतं आणि मॉनिटर ते ताणून सगळ्या पडद्यावर पसरवतो. चित्राच्या एका ठिपक्याच्या वाट्याला पडद्यावरचे आडवे दीड आणि उभे दीड ठिपके येतात. अर्धा ठिपका काही पेटवता येत नाही, म्हणून शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात आणि काळ्या रेघेची कड करडी होते.

आपल्या तंजावरचंच उदाहरण घ्या. सरफोजीराजांनी इथे १८०५ साली देवनागरी छापखाना सुरू केला आणि १८०६ मध्ये ईसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक 'बालबोध मुक्तावली' छापलं. अशा छापखान्यात मोठं अक्षर हवं असेल तर मोठा खिळा लागतो. छोट्या खिळ्याचा ठसा ओढून मोठा करता येत नाही. रिझोल्यूशन कमी करणं म्हणजे छोटा ठसा ओढणं. कॉम्प्युटरमधलं 'स्केल' म्हणजे मोठा खिळा घेणं, कारण त्यात अक्षर नव्याने मोठं काढलं जातं.

आपल्या लिपीला हा फरक जास्त जाणवतो. शिरोरेषेवरचं एक टिंब पुसट झालं की 'भांडे'चं 'भाडे' होतं आणि 'आंबा'चा 'आबा'! तमिळमध्येही अक्षरावरच्या पुळ्ळीने उच्चार बदलतो. तंजावरच्या मराठी घरांत दोन्ही लिप्या वाचल्या जातात, म्हणजे काळजीही दुप्पट. आणि कुणी जुन्या मोडी कागदांचे स्कॅन वाचत असेल, तर तिथे अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात. धूसर पडद्यावर ती सोडवणं आणखी अवघड.

मग काय करायचं? विंडोजमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडा. रिझोल्यूशनच्या यादीत ज्याच्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तेच ठेवा. त्याच पानावर 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करा. फक्त ब्राउझरमधलं पान मोठं हवं असेल तर कंट्रोल आणि अधिकचं बटण एकत्र दाबा.

कमी रिझोल्यूशनने मॉनिटर बिघडत नाही, घाबरू नका. गेम अडखळत असेल तर ते कमी केल्याने वेग वाढतो, कारण कॉम्प्युटरला कमी ठिपके रंगवावे लागतात. ३८४० बाय २१६० च्या फोर-के मॉनिटरवर १९२० बाय १०८० ठेवलं तर एका ठिपक्याचे बरोबर चार होतात, त्यामुळे हिशेब जुळतो. तरी अक्षरं पूर्ण रिझोल्यूशनइतकी रेखीव नसतात. मात्र रुंद पडद्यावर १०२४ बाय ७६८ ताणून लावलं, तर धूसरपणासोबत गोल पोळीसुद्धा लंबगोल दिसेल!

आज घरी एक छोटी परीक्षा घ्या. पडद्यावर 'भाडे' आणि 'भांडे' शेजारी शेजारी लिहा आणि आजोबांना नेहमीच्या अंतरावरून वाचायला सांगा. चुकले, तर आधी सेटिंग सुधारा. त्यानंतरही टिंब दिसत नसेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.