काळ्या हातांची लाज कुणाला?

गेल्या जुलैत एक पालक माझ्या खोलीत आले. हातात मुलाचा गणवेशाचा पांढरा शर्ट होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर पसरला, बाहीवरच्या ग्रीसच्या डागावर बोट ठेवले आणि म्हणाले, "सर, पोराला शाळेत घातलंय, गॅरेजात न्हवं. गॅरेजातच घालायचं असतं तर फी कशाला भरलो असतो?"

त्या वेळी मला धड उत्तर सुचले नाही. "भांड्याचा साबण लावून बघा, डाग निघेल," एवढेच बोललो. ते राहून गेलेले उत्तर आज इथे देतो. ते एकट्या त्यांना नाही. आपल्या सगळ्या पांढरपेशा घरांना आहे, आणि त्यात माझेही घर आले.

आधी हकीकत सांगतो. आमच्या शाळेच्या मागे एक पत्र्याची शेड आहे. एके काळी तिथे सुतारकामाचा तास व्हायचा. ते शिक्षक निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, रंधे आणि करवती कुठे गेल्या कुणास ठाऊक. मागे उरली मोडकी बाके आणि कबुतरे. दोन वर्षांपूर्वी मी त्या शेडमध्ये माझ्या वडिलांची येझदी आणून ठेवली. १९७९ सालची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनलेली. दर शनिवारी शाळा सुटली की एक वयस्क मेस्त्री येतात आणि आठवी-नववीची नऊ मुले, त्यांत तीन मुली, ती गाडी उघडून बसतात.

आता स्वतःची लाज सांगतो. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. रविवारी सकाळी ते अंगणात गोणपाट पसरून प्लग साफ करायचे, पॉइंट घासायचे, साखळीला तेल द्यायचे. मी शेजारी पुस्तक घेऊन बसायचो. "तू शीक. तुझ्यावर ही वेळ यायला नको," असे ते म्हणायचे. मी शिकलो. मराठी घेऊन एम. ए. झालो. वडील गेले तेव्हा ती गाडी सुरू कशी करायची हेही मला माहीत नव्हते. येझदीत किकचाच दांडा आत दाबून पुढे वळवला की गियरचा दांडा होतो, हे मला पन्नाशीत आठवीच्या एका मुलीने दाखवले! वीसहून अधिक पावसाळे ती गाडी ताडपत्रीखाली कुजली. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. बापाची आठवण म्हणून मी तिला विकले नाही, आणि पदवीधर म्हणून तिला हातही लावला नाही. अशा आठवणीला काय अर्थ?

"पण सर, यात अभ्यास कुठे आहे?" असे विचारले जाते. सांगतो. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर, दट्ट्याचा प्रवास ७५. प्रयोगशाळेच्या कपाटात वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेला व्हर्नियर कॅलिपर बाहेर काढून मुलांनी हे स्वतः मोजले. मग वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावले. उत्तर आले सुमारे २४९ घन सेंटिमीटर. "म्हणजे म्हणून हिला अडीचशेची गाडी म्हणतात!" असे एक जण ओरडला. हाच मुलगा गणितात दोनदा नापास झालेला. लोखंड का गंजते हे आम्ही फळ्यावर शिकवतो, मुले पाठ करतात आणि विसरतात. इथे बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, चार्जरच्या ऋण टोकाला गंजलेला स्टँड आणि धन टोकाला जुन्या बाकाचा लोखंडी पाय. बादली उघड्यावर ठेवायची, कारण हायड्रोजन सुटतो. दुसऱ्या दिवशी स्टँडवरचा गंज काळा पडून ब्रशने निघाला आणि बाकाचा पाय गंजून गेला. विद्युत अपघटन त्या नऊ मुलांना आता मरेपर्यंत विसरता येणार नाही. सांगा, अभ्यास कुठे होता? पुस्तकात की बादलीत?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तो कुणी तोंडाने बोलत नाही, पण शर्ट पसरताना तो डोळ्यांत दिसतो: हे काम 'आपले' नव्हे. मग इतिहास आठवा. किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान १८८८ साली सुरू झाले ते याच बेळगावात. त्यातले लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे मास्तर. त्या मास्तराला सायकल खोलण्याची लाज वाटली नाही, म्हणून पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आपण किर्लोस्कर रोडवरून रोज जातो, त्या नावाचा अभिमानही बाळगतो. फक्त आपल्या मुलाच्या बाहीवर डाग नको. अहो, हात काळे झाले म्हणून तोंड काळे होत नाही!

तिसरा वर्ग उत्साही मंडळींचा, आणि त्यांचा मला जास्त राग येतो. जुन्या गाड्यांची सध्या हौस आली आहे. गाडी शोधायची, कारागिराला पैसे मोजायचे, नवे क्रोम, नवा रंग चढवून घ्यायचा आणि "मी रिस्टोअर केली" म्हणून फोटो काढायचा. केली नाही हो, करून घेतली! राबणारा हात फोटोत नसतो. तो आमच्या मेस्त्रींसारखा फाटक्या बनियनमध्ये बाजूला उभा असतो. गाडी वाचते, पण ज्याच्या हातात ती वाचवायची विद्या आहे, त्याच्यामागे ती विद्या घ्यायला कोणी उरत नाही. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. २०२२ मध्ये येझदी नावाची नवी गाडी बाजारात आली, पण तिचे भाग या जुन्या इंजिनाला चालत नाहीत. आता या गाडीचे सारे ज्ञान अशा म्हाताऱ्या बोटांत आहे.

हे मेस्त्री कानडी बोलणारे. मुले त्यांना मामा म्हणतात. घाईत पाना फिरवून कुणी नट घसरवू लागले की ते ओरडतात, "निधान, निधान!" कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. आमच्या मराठीत निधान म्हणजे ठेवा. दोन्ही अर्थ त्या शेडमध्ये खरे ठरतात. बाहेर पाट्यांच्या भाषेवरून भांडणारी आपली गावे, पण आत पान्याचे माप दोघांनाही एकच लागते.

गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही. कागदपत्रांची मुदत कधीच संपली आहे आणि मुलांची चालवण्याची वयेही नाहीत. मागल्या महिन्यात इंजिन फक्त एकदा सुरू झाले, दोन मिनिटे धूर ओकले आणि बंद पडले. मुले नाचली. मी शेडच्या मागे जाऊन डोळे पुसले.

दिवाळीनंतर संस्थेची बैठक आहे. शेड पाडून तिथे स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीसाठी खोली बांधावी, असा ठराव येणार आहे. मी विरोधात बोलणार आहे आणि बहुधा एकटा पडणार आहे. शर्ट घेऊन आलेल्या त्या पालकांना माझी विनंती आहे: बैठकीआधी एका शनिवारी या. सोबत जुना शर्ट आणा, तुमच्या मापाचा.

आणि तुम्ही वाचकहो, दिवाळीची आवराआवर करताना बंद पडलेला पंखा, मिक्सर, आजोबांची सायकल भंगारवाल्याला घालण्याआधी एकदा मुलांपुढे ठेवा. प्लग काढून, पाना हातात देऊन त्यांना ते उघडू द्या. नाही जुळले तर भंगारवाला कुठे पळून जातो?