रस्त्यावर सांडलेल्या रक्ताचा हिशेब

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून मेले. मंत्री धावले, शोकसंदेश निघाले, मृतांच्या वारसांना पाच लाखांची मदत जाहीर झाली आणि आठ-दहा दिवसांत सारे शांत झाले. त्याच वर्षी भारतातील रस्त्यांवर १,७२,८९० माणसे मेली व ४,६२,८२५ जखमी झाली, असे केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते. याचा अर्थ असा की, सिंदखेडराजासारख्या अठरा-एकोणीस दुर्घटना या देशात रोज घडतात. त्या निरनिराळ्या गावी, एकट्या-दुकट्याच्या वाट्याला येतात, म्हणून त्यांच्यासाठी कोणी मंत्री धावत नाही.

अपघाताला दैवाचा फेरा म्हणण्याची आपल्या समाजाला सवय आहे. परंतु दैवाचा हा फेरा नेमका कोणावर फिरतो? २०२३ च्या मृतांत सुमारे ४५ टक्के दुचाकीवरचे होते आणि पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. कामावर जाणारा गवंडी, शाळेतून परतणारी मुले, अंधारात दिव्यावाचून चालणाऱ्या ऊसगाडीला मागून धडकणारा तरुण आणि त्या गाडीवर उसाच्या मोळ्यांवर बसलेले बीडचे ऊसतोड कुटुंब, हे या आकड्यांमागचे चेहरे आहेत. मोटार कारखानदाराला नफा मिळतो, वाहतूकदाराला भाडे मिळते, रस्त्याच्या ठेकेदाराला बिल मिळते. या साऱ्या व्यवहाराचा जो खर्च कोणाच्याही खतावणीत चढत नाही, तो मोडलेल्या मांडीच्या आणि फुटलेल्या कवटीच्या रूपाने कष्टकऱ्याच्या घरी पोहोचतो. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च असे सौम्य नाव आहे. सरळ भाषेत, नफा खासगी आणि नुकसान गरिबाच्या माथी.

हा खर्च ज्याचा त्याने सोसावा, हे तत्त्व कायद्याने केव्हाच नाकारले आहे. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघातांच्या नुकसानभरपाईसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १९८२ साली, चूक कोणाची हे सिद्ध होण्यापूर्वीच काही रक्कम देण्याचे तत्त्व कायद्यात आले. १९८८ च्या कायद्यात दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. खाटेवर पडलेल्या माणसाला ती अन्यायकारक ठरते, हे ओळखून १९९४ साली ती काढून टाकण्यात आली. आणि २०१९ च्या दुरुस्तीने काय केले? तीच सहा महिन्यांची मुदत परत आणली. १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. निर्णयापूर्वी मिळणाऱ्या अंतरिम रकमेचे प्रकरणच कायद्यातून वगळले. चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये देणारे नवे कलम १६४ आले खरे, पण विमा कंपनीने पुढे केलेली ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपुष्टात येतो. गरजू माणसापुढे रोख ठेवायची आणि त्याच्या हक्काच्या कागदावर त्याचाच अंगठा घ्यायचा, ही सावकारी रीत कायद्याच्या पुस्तकात शिरली आहे.

वाहन पळून गेले असेल तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. अशा प्रसंगी सरकारी योजनेतून १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये देय झाले. २०२२ साली ठोकर मारून पळून जाण्याचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले आणि त्यांत ३०,४८६ माणसे मेली. २०२२-२३ या वर्षात या योजनेखाली दावे आले किती? २०५. त्यांपैकी निकाली निघाले ९५. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ही स्थिती आली, तेव्हा पीडितांना योजनेची माहिती देण्याची जबाबदारी न्यायालयाने पोलिसांवर टाकली. वस्तुतः या दोन आकड्यांमधील अंतर हे केवळ शासनाचे अपयश मानून चालणार नाही. एवढी हजारो कुटुंबे आपल्या हक्काविषयी अंधारात राहतात, याचा अर्थ गावोगावी लोकांमध्ये वावरणाऱ्या पक्षांचे कार्यकर्तेही त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाहीत, असाच होतो. म्हणून पुढील माहिती प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असली पाहिजे.

पहिला प्रश्न जीव वाचवण्याचा. अपघातातील घातक दुखापती बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत. डोक्याला मार लागलेला माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, बोलतो, घरीही जातो आणि काही तासांनी कवटीच्या आत साचलेल्या रक्ताने दगावतो. वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे, कानानाकातून रक्त वा पाणी येणे, यांपैकी काहीही दिसताच त्याला तत्काळ मोठ्या रुग्णालयात नेले पाहिजे. पोटावर वरून ओरखडा नसतानाही प्लीहा किंवा यकृत फाटलेले असू शकते. माणूस पांढरा पडतो, घाम सुटतो, तहान लागते, नाडी वेगाने चालते. अशा वेळी भोवतालची मंडळी दयेपोटी पाणी-चहा पाजतात. तो पाजू नये, कारण शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव असतो. मांडीचे हाड मोडले तर बाहेर थेंबही न सांडता लिटरभर रक्त आतल्या आत जाते. वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. मानेला वा पाठीला मार लागल्याची शंका असेल, तर जखमीला हातपाय धरून उचलून रिक्षात दुमडून घालण्याने मज्जारज्जू कायमचा तुटू शकतो. त्याला फळीसारखे सरळ ठेवून अनेकांनी मिळून उचलावे. १०८ वा ११२ क्रमांकावर आधी दूरध्वनी करावा. मानेच्या स्नायूंचे दुखणे पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते. ते अंगावर काढू नये, दवाखान्यात जाऊन सांगावे व लिहून घ्यावे. कागदावर न आलेली दुखापत पुढे विमा कंपनीच्या वकिलाच्या तोंडी "जुनी" ठरते.

जखमीला उचलायला लोक कचरतात, ते पोलिसांच्या भीतीने. ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि संसदेने २०१९ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिले असून त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसी सोपस्कारांसाठी डॉक्टरने उपचार थांबवू नयेत, हे तर १९८९ सालीच ठरले आहे. ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या योजनेनुसार नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. आगाऊ रकमेसाठी दारात अडवणाऱ्या रुग्णालयाला हे ऐकवणारा कोणी तरी जखमीच्या शेजारी उभा असला पाहिजे.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. जखमी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतानाच बाहेर वाहनमालकाचा माणूस येतो. दहा-वीस हजार रुपये पुढे करतो, गावच्या पुढाऱ्याला मध्ये घालतो आणि "कशाला कोर्टकचेरी" म्हणत तडजोडीचा कागद मांडतो. त्या कागदावर सही करू नये. कार्यकर्त्याने वाहनाचा क्रमांक, जागेची छायाचित्रे, पाहणाऱ्यांची नावे लगेच टिपून ठेवावीत. रुग्णालयात अपघाताचा केस म्हणून पोलीस नोंद झाली आहे ना, हे पाहावे. प्रथम खबर कोण देतो याकडे लक्ष द्यावे, कारण जखमी शुद्धीवर नसताना त्याच्याच चुकीने अपघात झाल्याची खबर लिहिली जाऊ शकते. पंचनाम्याची प्रत, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड, औषधांची प्रत्येक पावती, रुग्णालयाच्या फेऱ्यांचे भाडे, बुडालेल्या रोजगाराची नोंद, हे सारे एका पिशवीत जमा करावे. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि पीडिताला त्याचे हक्क लेखी कळवायचे असतात. हा कागद पोलिसांकडे मागितला पाहिजे.

तिसरा प्रश्न दाव्याचा. चालक, मालक व विमा कंपनी यांच्याविरुद्ध दावा अपघात झाला तेथे, प्रतिवादी राहतो तेथे किंवा पीडित स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो. कोल्हापुरात जखमी झालेल्या ऊसतोड मजुराला बीडमध्ये दावा लावता येतो, ही गोष्ट किती मजुरांना ठाऊक आहे? सहा महिन्यांच्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असून, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तथापि अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी झोपू नये. सहा महिने हीच मर्यादा धरून चालावे. वाहन सापडले नाही, तर पळून गेलेल्या वाहनाच्या योजनेखालील अर्ज तहसीलदार वा प्रांत यांच्याकडे द्यावा.

आता या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी असलेला प्रश्न. भरपाईची रक्कम ठरते ती वार्षिक मिळकत आणि वयानुसार ठरलेला गुणक यांच्या गुणाकाराने. हे गुणक २००९ च्या सरला वर्मा निकालात निश्चित झाले. उदाहरणादाखल ३२ वर्षांचा एक गवंडी घेऊ. त्याचा गुणक १६. महिन्याची मिळकत १५ हजार सिद्ध झाली आणि मोडलेल्या पायामुळे त्याची कमावण्याची शक्ती ६० टक्के घटली असे मानले गेले, तर केवळ या बाबीची भरपाई १७,२८,००० रुपये होते. त्याच गवंड्याजवळ मिळकतीचा कागद नसला, न्यायाधिकरणाने ८ हजारच धरले आणि प्रमाणपत्रावरील ३० टक्के अपंगत्वाचा आकडा जसाच्या तसा उचलला, तर हातात पडतात ४,६०,८०० रुपये. पाय तोच, वेदना तीच, उपाशी राहणारी पोरे तीच. फरक कागदाचा! शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारकुनाचा हात गेल्याने जे बुडते, त्याहून कितीतरी अधिक सुताराचे बुडते, हे सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार खटल्यात २०१० साली स्पष्ट केले आहे. डॉक्टरची साक्ष काढून ते न्यायाधिकरणाला पटवावे लागते.

१९६३ साली डॉ. लोहियांनी लोकसभेत, या देशातील बहुसंख्य माणूस दिवसाला तीन आण्यांवर जगतो, हे ठणकावून सांगितले. जिवंतपणी तीन आण्यांत मोजलेला माणूस रस्त्यावर चिरडला गेल्यावरही तीन आण्यांनीच मोजला जातो, हा त्याच विषमतेचा पुढला अध्याय आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेल्या हमालाच्या मजुरीची नोंद मंडळात असते. त्यामुळे तो न्यायाधिकरणापुढे ताठ उभा राहू शकतो. नोंदणी हा संघटनेचा विषय आहे, तसाच तो अपघातग्रस्ताच्या भाकरीचाही आहे. स्त्रियांच्या बाबतीत तर अन्याय दुहेरी होतो. २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार बिनमोल घरकामावर स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटे खर्च करतात, तर पुरुष ९७. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली याच पाहणीचा आधार घेऊन गृहिणीच्या श्रमाला आर्थिक मोल आहे, असे बजावले. तरीही घरातील बाई जखमी झाली की "ती काही कमावत नव्हती" म्हणून दावाच न करणारी कुटुंबे ठायी ठायी आहेत.

येथे एका गैरसमजाचा निरास आवश्यक आहे. चालकाला फासावर द्या, या आरोळीत समाजवाद्यांनी सामील होऊ नये. पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद देऊ पाहणारे नव्या न्याय संहितेचे पोटकलम जानेवारी २०२४ मधील चालकांच्या संपानंतर अमलात आणले गेले नाही. बेदरकार चालकाला शिक्षा अवश्य व्हावी. परंतु १९६१ च्या कायद्याने घातलेली दिवसाला आठ तासांची मर्यादा ओलांडून त्याला रात्रंदिवस राबवणारा मालक कोठे असतो? सदोष रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराला २०१९ च्या दुरुस्तीने दंड ठेवला आहे, तो जास्तीत जास्त एक लाख रुपये! कोट्यवधींच्या ठेक्यात एवढी रक्कम चहापाण्याच्या खर्चात बसते.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. सहा महिन्यांची मुदत रद्द करा. अंतरिम भरपाई पुन्हा सुरू करा. पळून गेलेल्या वाहनाच्या योजनेतील रकमा महागाईशी जोडा आणि पोलिसांच्या अहवालावरूनच, अर्जाची वाट न पाहता, त्या घरपोच करा. कागद नसलेल्या कामगाराची मिळकत निदान चालू किमान वेतनाहून कमी धरू नका.

या मागण्या मान्य होईपर्यंत मात्र हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक तालुक्यात पक्षाच्या एका कार्यकर्त्याने हे काम अंगावर घ्यावे. ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात कक्षात आणि पोलीस ठाण्यात त्याने आठवड्यातून एकदा जावे, गेल्या सहा महिन्यांतील अपघातग्रस्तांची यादी करावी, त्यांच्या घरी जाऊन कागद तपासावेत आणि मुदतीच्या आत दावा लावून द्यावा. यासाठी मोर्चा लागत नाही, निधी लागत नाही, निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही. पुढील वर्षी असे दोनशे पाच दावे एकाच जिल्ह्यातून गेले, तरी सरकारला या रक्ताची दखल घेणे भाग पडेल.