निर्दोष ठरले की सुटले?

जानेवारी २०२५ मध्ये नांदेडच्या न्यायालयाने पाटबंधारेनगर स्फोट खटल्यातील हयात आरोपींची निर्दोष मुक्तता केली. ६ एप्रिल २००६ च्या त्या स्फोटात घरातच दोघांचा जीव गेला होता. बॉम्ब तयार करताना तो फुटला, असे तपासयंत्रणांचे म्हणणे होते. न्यायालयात ते सिद्ध झाले नाही.

त्या दिवसांत लातूरला गंजगोलाईत चहा पिताना मित्र म्हणाला, "बघा, सुटले!" मीही मान हलवली. घरी येताना मात्र जून २०२१ आठवला.

ऑगस्ट २०१२ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने पकडलेल्या नांदेडच्या पाच तरुणांपैकी दोघांना मुंबईच्या विशेष न्यायालयाने तेव्हा पुराव्याअभावी मुक्त केले, तिघांना शिक्षा झाली. त्या दोघांबद्दल आम्ही सगळे म्हणालो होतो, "निर्दोष ठरले." आपले ते निर्दोष ठरतात, दुसऱ्याचे ते नुसते सुटतात!

कायद्याला हा फरक मान्य नाही. आरोपीने आपण निर्दोष असल्याचे सिद्ध करायचे नसते, गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची असते. २००६ चा तपास कच्चा होता असे वाटत असेल, तर जाब तपासयंत्रणेला विचारा, अपिलाची मागणी करा. ज्या तत्त्वाने आपली पोरे वाचतात, ते नावडत्या माणसासाठी बाजूला ठेवता येणार नाही. एकदा ठेवले, की पुढची पाळी आपलीच.

खरी लढाई वेगळी आहे. यूएपीए कायद्यात २००८ साली आलेल्या तरतुदीनुसार आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तरी न्यायालय जामीन देऊ शकत नाही. म्हणजे निकाल नंतर, तुरुंग आधी. खटला वर्षानुवर्षे रखडला तर जामीन देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नजीब प्रकरणात सांगितले. पण तोवर वर्षे निघून गेलेली असतात. २०१२ च्या आरोपातून त्या दोघांची सुटका व्हायला जवळपास नऊ वर्षे लागली. ती वर्षे कोणते न्यायालय परत देणार?

कच्च्या तपासात निरपराध अडकतो आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो. नुकसान दोन्ही मोहल्ल्यांचे होते. म्हणून पुढच्या वेळी कोणाच्याही मुक्ततेची बातमी आली, की मी एकच शब्द वापरणार आहे: निर्दोष.