नाल्यातला गाळ जातो कोठे?

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाईचे आकडे प्रसिद्ध होतात, आणि पहिल्या मोठ्या सरीला हिंदमाता, परळ, लालबाग येथील रहिवाशांच्या काळजात धस्स होते. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. त्यांची क्षमता दुप्पट करावी असे १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने सांगितले. हिंदमाताच्या पाण्यासाठी महापालिकेने दादर-परळला भूमिगत टाक्याही बांधल्या. पाण्याची अशी काही सोय लागली, गाळाचे काय?

आमच्या मते दुखण्याचे मूळ येथेच आहे. कंत्राटदाराला पैसे मिळतात ते वजनावर, आणि गाळ जातो तो शहराबाहेरील खाजगी जमिनीवर. ज्या मालाची कोणालाच गरज नाही, तो पोहोचला की नाही हे पाहणार कोण? मिठी नदीच्या गाळप्रकरणी २०२५ साली मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने सुमारे ६५ कोटींच्या अपहाराचा गुन्हा नोंदविला. खरेखोटे न्यायालय ठरवील. परंतु घेणारा हिशेब मागत नसेल, तर देणाऱ्याच्या हिशेबावर विश्वास कसा ठेवावा?

गाळ म्हणजे निव्वळ घाण नव्हे. त्यात वाळू असते, माती असते. हॅम्बुर्ग बंदरातील गाळातून वाळू वेगळी काढणारा कारखाना १९९३ पासून चालू आहे. आपल्याकडेही दहिसर व शीळफाटा येथे इमारतींच्या राड्यारोड्यावर प्रक्रिया होऊ लागली आहे. मग नाल्यातला गाळ चाळून, धुऊन त्याची वाळू पदपथांच्या ठोकळ्यांत व भरावात का वापरू नये?

अर्थात उतावळेपणा नको. आपल्या नाल्यांत सांडपाणी मिसळते, कारखान्यांतील जड धातू येतात, भरतीचे खारे पाणी शिरते. खारी वाळू काँक्रीटमधील लोखंड गंजविते. म्हणून तपासणीवाचून असा माल एकाही घराच्या स्लॅबमध्ये जाता कामा नये. शिवाय धुण्याचा खर्च वाळूच्या किमतीतून भरून निघेलच, असेही आम्ही म्हणत नाही.

पण खरा लाभ वाळूचा नाहीच. तो हिशेबाचा आहे! गाळ कारखान्यात गेला, की नाल्याकाठच्या वजनाला दुसऱ्या टोकाचा वजनकाटा साक्षी राहील. दोन्ही आकडे जुळल्यावाचून बिल देऊ नये. महापालिकेने निदान एका विभागात, शहराच्या पोटातल्या परळ-दादरपासून, हा प्रयोग करावा. करदात्याच्या पैशाचा गाळ कोठे साचतो, हे त्याशिवाय उघड होणार नाही.