नांगर मागे राहिला

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या चौथीच्या वर्गात एका नव्या खेळाची साथ आली. मधल्या सुट्टीत लंगडी बंद, विषामृत बंद. दोन बाकं एकमेकांना चिकटवायची, त्यांच्यावर दप्तरांचा ढीग रचायचा, पुढे दोघांनी घोडे व्हायचं आणि बाकीच्यांनी गाडीत बसून दूरदेशी निघायचं. एक मुलगा ‘पा’, एक मुलगी ‘मा’, आणखी तिघी म्हणजे मेरी, लॉरा आणि धाकटी कॅरी. भांडण व्हायचं ते मात्र जॅकवरून. जॅक म्हणजे गाडीमागून धावणारा कुत्रा! सगळ्यांना कुत्राच व्हायचं असायचं. शेवटी मी चिठ्ठ्या टाकायला लावल्या.

या सगळ्या प्रकाराला जबाबदार मीच, दुसरं कोण! एका ओळखीच्यांनी मला एका जुन्या अमेरिकन मालिकेच्या डिस्क दिल्या होत्या. ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’, म्हणजे माळावरचं छोटंसं घर. शनिवारी सकाळची शाळा सुटता सुटता थोडी थोडी दाखवू, असं ठरवलं. मालिका सगळी इंग्रजीत. दर दोन मिनिटांनी मी ती थांबवायची आणि मराठीत सांगायची. खरं सांगू का, माझंही इंग्रजी काही फाडफाड नाही. पण गाडी नदीत वाहत चालली, आई घाबरली, रात्री शेकोटीपाशी बापाने फिडल वाजवायला घेतलं (फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, बरं का), हे कळायला कुठली भाषा लागते?

ही मालिका तुमच्यापैकी बऱ्याचजणांच्या आईबाबांच्याही जन्माआधीची. अमेरिकेत १९७४ मध्ये सुरू झाली ती १९८३ पर्यंत चालली. नऊ वर्षं आणि दोनशेच्या वर भाग! त्यातला बाप, चार्ल्स इंगल्स, झाला होता मायकेल लँडन. लॉराचं काम करणारी मेलिसा गिल्बर्ट सुरुवातीला दहा वर्षांची होती, म्हणजे तुमच्याएवढीच. आणि २०२५ मध्ये तर त्याच गोष्टीवर नवी मालिका करायचं जाहीर झालं. एवढं काय आहे त्या गोष्टीत?

तर ती गोष्ट खरी आहे. म्हणजे बरीचशी खरी. लॉरा इंगल्स नावाची मुलगी १८६७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जन्मली. तिच्या वडिलांच्या पायाला जणू भिंगरी होती. छप्पर घातलेल्या घोडागाडीत संसार भरायचा आणि नव्या जमिनीच्या शोधात निघायचं. एकदा तर हे कुटुंब ओढ्याच्या काठात खोदलेल्या घरात राहिलं. छप्पर गवताच्या ढेकळांचं. त्यावरून बैल चालत गेला आणि त्याचा पाय थेट घरात आला! पुढे पीक उभं असताना टोळधाड आली आणि हिरवं म्हणून काही शिल्लक राहिलं नाही. वडील मजुरी शोधायला दूरवर पायी गेले. १८८०-८१ चा हिवाळा इतका भयंकर होता की बर्फामुळे आगगाड्या बंद पडल्या. गवताला पीळ देऊन ते जाळायचं आणि कॉफीच्या छोट्या चक्कीत गहू दळून खायचे. मोठी बहीण मेरी आजारात आंधळी झाली. लॉरा कोवळ्या वयातच शाळेत शिकवायला लागली. माझ्या डोळ्यांसमोर तिची ती शाळा येते आणि आमच्या शाळेचं गळकं छप्पर एकदम बरं वाटायला लागतं.

हे सगळं तिने लिहिलं ते फार उशिरा. पहिलं पुस्तक आलं १९३२ मध्ये, तेव्हा तिचं वय होतं पासष्ट! तुमच्या आजीला सांगा हे.

त्या काळी अमेरिकेत सरकारचा कायदाच होता, १८६२ चा. थोडी फी भरा, एकशे साठ एकर जमिनीवर पाच वर्षं राहा, कसा, आणि मग ती तुमची. मी हे सांगितलं मात्र, आमच्या वर्गातल्या एका हिशेबी पोराने पाटीवर लगेच गुणाकार मांडला. ‘‘बाई, सहा हजार चारशे गुंठे!’’ वर्गात शिट्टी वाजली. आमच्या पाटण तालुक्यात उतारावरच्या चार गुंठ्यांवरून भाऊ भाऊ बोलत नाहीत, तिथे सहा हजार चारशे!

आणि मग मागच्या बाकावरून प्रश्न आला. ‘‘बाई, एवढी जमीन मोकळी कशी काय होती? आधी तिथे कोण राहत होतं?’’

मुलांनो, मी डी.एड. केलं तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की मुलांना प्रश्न विचारायला प्रवृत्त करा. तो प्रश्न आला की शिक्षकाची काय अवस्था होते, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘सोमवारी सांगते.’’ आणि रविवारभर वाचत बसले.

मालिकेच्या सुरुवातीचा जो लांबलचक भाग आम्ही पाहिला, तो कॅन्सस नावाच्या प्रांतातला आहे. इंगल्स कुटुंब तिथे खरोखर १८६९ च्या सुमाराला गेलं होतं. बापाने ओंडके रचून घर बांधलं. दाराला एक खिळा वापरला नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. पण ती जमीन मोकळी नव्हतीच. ती होती ओसेज लोकांची. ओसेज म्हणजे तिथले मूळचे रहिवासी. सरकारने करार करून ती जमीन त्यांच्यासाठी ठेवली होती. तरीही शेकडो कुटुंबं तिथे घुसली. आज ना उद्या सरकार ओसेजांना हलवील आणि जमीन आपल्याला मिळेल, असा त्यांचा हिशेब. तो चुकला नाही. १८७० मध्ये कायदा झाला आणि ओसेजांना कॅन्सस सोडावं लागलं. ते दक्षिणेला, आज ज्याला ओक्लाहोमा म्हणतात तिकडे गेले. आणि तिथली जमीन त्यांना स्वतःच्या पैशांनी विकत घ्यावी लागली!

इंगल्स कुटुंबही तिथे राहिलं नाही. मालिकेत सैनिक येऊन त्यांना निघायला सांगतात. खरा इतिहास जरा वेगळा आहे. विस्कॉन्सिनचं त्यांचं जुनं घर ज्याने विकत घेतलं होतं त्याला पैसे फेडता येईनात, म्हणून ते परत गेले. पुस्तकात निघताना बाप आपला नवा नांगर तिथेच ठेवतो. गाडीत जागा नसते.

पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. लॉराच्या १९३५ च्या पुस्तकात, त्या प्रदेशात माणसं नव्हती, फक्त इंडियन राहत होते, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. म्हणजे इंडियन ही माणसंच नव्हेत की काय? सतरा वर्षं कुणाला ते खटकलं नाही. १९५२ मध्ये एका वाचकाने पत्र लिहून विचारलं, तेव्हा म्हाताऱ्या लॉराने चूक कबूल केली आणि पुढच्या वर्षी तो शब्द बदलला गेला. माझं मत विचाराल तर पुस्तक मुलांपासून लपवू नये. शेजारी बसून वाचावं आणि अशा वाक्यापाशी थांबावं.

सोमवारी मी हे मुलांना सांगितलं. वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी हळूच म्हणाली, ‘‘बाई, माझी आजीपण अशीच गाडीत सामान भरून गेली होती. धरणाच्या वेळी.’’

तुम्ही कुठल्या गावचे आहात मला ठाऊक नाही, म्हणून सांगते. आमचं पाटण कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर वसलंय. चिपळूणच्या रस्त्याने वर गेलं की हेळवाकजवळ कोयनेचं धरण लागतं. १९५४ च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं. १९६२ मध्ये डोंगराच्या पोटातल्या पोफळीच्या वीजघरातून वीज निघाली आणि मुंबई-पुण्याचे कारखाने तिच्यावर चालले. धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. त्या पाण्याला शिवसागर म्हणतात. नाव छान आहे. पण त्या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावांची घरं आणि शेतं गेली. ती माणसं सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी कुठे कुठे पांगली. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ मध्ये. तोवर हे लोक निघून पंधरा वर्षं होऊन गेली होती. त्यांच्यातले कित्येकजण २०१८ मध्येसुद्धा जमिनीसाठी कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते.

पुढच्या शनिवारी आजींना शाळेत बोलावलं. नऊवारी, कपाळाला गोंदण, हातात पिशवी आणि पिशवीत पोरांसाठी शेंगदाणे. पहिल्या बाकावर बसून त्यांनी मालिका पाहिली. कुटुंब घर सोडून निघालं तेव्हा मी नांगराचं सांगितलं. आजी एकदम ताडकन म्हणाल्या, ‘‘नांगुर टाकून गेला? येडा का काय त्यो?’’ सगळा वर्ग हसला. आजी नाही हसल्या.

मग त्या सांगायला लागल्या. ‘‘तवा मी धा-अकरा वर्साची असंन. आमच्या आबांनी घराची कौलं उतरवली, वासं काढलं, मोडून मोडून सगळं घर टरकात घातलं. माजी आजी म्हनाली, दाराची चौकट घेटल्याबिगर मी न्हाय हलायची. चौकट घेटली. द्येव घेटलं. जातं घेटलं. म्हस मातुर टरकात चढंना. ती इकली.’’

ट्रक गेला सोलापूरकडे. सपाट माळ, बाभळी आणि आभाळ. डोंगर म्हणून नाही. आजी म्हणाल्या, ‘‘आमी भाताची मानसं. नाचनी-वरीची मानसं. जवारी कशी पेरायची त्ये बी ठावं न्हवतं. पाऊस कवा येतुय म्हनून वर बघत बसायचं. हितं पाऊस थांबतुय कवा म्हनून बघत हुतो!’’ ती चौकट दोन पावसाळे बाभळीखाली पडून होती, कारण ती बसवायला घरच नव्हतं.

मुलं ‘पा’च्या गोष्टीसारखी कान टवकारून ऐकत होती. तो मागच्या बाकावरचा शहाणा होताच. त्याने विचारलं, ‘‘आजी, त्या माळावर आधी कोण होतं?’’

मला वाटलं, आजींना हे आवडणार नाही. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘त्ये गायरान हुतं, बाळा. तितल्या लोकांची गुरं चरायची तितं. आमी ग्येलो आन् त्यांचं चरान ग्येलं. हिरीवर पानी भरू देत न्हवते. लई शिव्या द्यायचे. तवा मला त्यांचा राग यायचा. आता वाटतं, त्यांनी तरी काय करायचं? त्यांना बी कुनी इचारलं न्हवतंच की.’’

मुलांनो, मी रविवारभर पुस्तकं चाळून जे वर्गाला समजावलं होतं, ते आजींनी चार वाक्यांत सांगितलं.

त्यांचं कुटुंब तिसऱ्या वर्षी परत आलं. जुनं गाव पाण्यात, म्हणून डोंगराच्या वरच्या अंगाला झोपडं घातलं आणि तीच चौकट तिथे बसवली. पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. भिंती पडल्या, चौकट उभी राहिली. आजींची नात पटकन म्हणाली, ‘‘बाई, अजून आहे! मी रोज त्या चौकटीतनं शाळेला येते!’’ उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजी वरून बघतात. खाली कुठे जोतं दिसतं, कुठे देवळाचा दगड. कुणाचं काय, ते त्यांना सगळं पाठ आहे.

जाता जाता मी त्यांना मालिकेचा शेवट सांगितला. १९८४ मध्ये दाखवलेल्या एका भागात कळतं की एका श्रीमंत माणसाने सगळ्या गावाची जमीन कागदोपत्री आपल्या नावावर करून घेतलीय. गावकरी म्हणतात, जमीन तुझी असेल, घरं आम्ही बांधलीत. आणि ते सुरुंग लावून आपलं सगळं गाव उडवून देतात. फक्त शाळा नि चर्चची इमारत आणि ते छोटं घर ठेवतात. गंमत म्हणजे ती घरं खरोखरच उडवली होती. कॅलिफोर्नियातली ती जागा चित्रीकरणासाठी भाड्याने घेतलेली. काम संपलं की होती तशी परत करायची, असा करार होता. मग नुसती पाडण्यापेक्षा गोष्टीतच पाडू, असं मायकेल लँडनने ठरवलं.

आजींनी सुरुंगाचं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ‘‘मंग जागा दिली का माघारी?’’

‘‘दिली की.’’

‘‘जशी हुती तशी?’’

‘‘हो आजी.’’

‘‘मंग ब्येस केलं,’’ असं म्हणून त्यांनी रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली.

वर्गातला गाडीचा खेळ अजून चालू आहे. पण परवा पाहिलं तर त्यात थोडा बदल झाला होता. चिठ्ठीत कधीच कुत्रा न मिळालेला एक मुलगा फळ्याजवळ जमिनीवर मांडी घालून बसला होता. गाडी आली की तो हात आडवा करायचा. मी ओसेज आहे, ही जागा माझी आहे, आधी बोला! मग ‘पा’ खाली उतरायचा. ‘मा’ पण उतरायची. घोडेसुद्धा मध्ये बोलायचे. कुणी म्हणे अर्धी अर्धी घेऊ, कुणी म्हणे तुझी गुरं चरू दे, आम्ही पलीकडे पेरतो, कुणी म्हणे विहीर दोघांची. घंटा झाली, मी छडी घेऊन दारात उभी राहिले, तरी त्यांचं काही ठरलेलं नव्हतं.